पागेतला लगाम

रात्रीचे साडेनऊ. माघाचा महिना, अंधारी रात्र. हिंगणगावच्या मागची वाट, जी जुन्या इनामदारांच्या पागेवरून जाते. पागा म्हणजे घोडी बांधायची जागा. आता तिथं घोडं नाही, दार तेवढं उघडं आहे.

ऐका. त्या वाटेनं केरबा निघाला होता, हातात पाखरीचा लगाम धरून. पाखरी म्हणजे त्याची वरातीची घोडी. दुधासारखी पांढरी! पण आठवडाभर मागचा उजवा पाय ओढत होती. आणि वरात परवावर आलेली.

थोरला भाऊ हिंदुराव संध्याकाळीच म्हणाला होता, "सकाळी सळई तापवतो. पायाला डाग दिला की चालंल झक मारत."

"दादा, डागायचं असंल तर आधी मला डाग."

"तुला डागून वरात निघती व्हय रं?"

"निघू दे न्हाईतर राहू दे. माझ्या घोडीला सळई लागायची न्हाई!"

आणि निघाला की तो, रात्रीची भाकरी तशीच टाकून! पलीकडच्या गावात कासमचाचा नालबंद राहायचे. ते नाल तर ठोकायचेच, शिवाय तेल चोळायचे, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचे, निरगुडीच्या पाल्याचा वाफारा द्यायचे. मोठ्या रस्त्यानं गेलं असतं तर हिंदुरावानं गाठलं असतं. म्हणून ही वाट.

पागेपाशी पाखरी थांबली. कान मागं. केरबाला वास आला, कोमट तेलाचा. दारात एक माणूस बसलेला. पुढ्यात परात, परातीत तेल, तेलातून वाफ. आणि खाली विस्तव? विस्तव नाही हो! केरबानं ते पाहिलं. पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. गरजवंत माणूस असाच पाहतो.

"कुठला पाय?" माणसानं विचारलं.

"मागचा उजवा."

"दुखणं पायात न्हाई. पाठीत हाय. पायात नुसतं दिसतंय."

कासमचाचाही हेच म्हणायचे! केरबाचा जीव भांड्यात पडला. माणसानं पाखरीच्या पाठीला तेल लावलं, अंगठे रुतवले, कण्यावरून खाली आणले. पाखरी थरथरली. मग चालली. सरळ! पाय अगदी मोजून टाकल्यासारखे! केरबा हरखून पुढं धावायला गेला, तर त्याचाच उजवा पाय उचलेना.

"थंडीनं धरला आसंल," माणूस म्हणाला. "आता मान बघू."

मान चोळली. पाखरीनं मान लोण्यासारखी खाली सोडली. केरबाची मान ताठली. मागं वळून बघता येईना त्याला. तरी लगाम धरून उभाच! घोडी बरी होत होती ना. आपल्या अंगाचं काय एवढं?

"आता तोंड राह्यलं," माणूस म्हणाला. "लोखंड चावून चावून जबडा आवळलाय. जबडा सुटला की सगळं अंग सुटंल. लगाम काढ."

इथं चुकला बघा केरबा. घोड्याचा माणूस उघड्या वाटेवर, रात्री, लगाम कधी काढत नाही. तबेल्यात बांधल्यावर काढतो. केरबानं काढला. काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला.

गार लोखंड दातांवर आपटलं. केरबाच्या दातांवर! तो हातापायांवर पडला. पाठीवर वजन आलं. टाचा बरगडीत रुतल्या.

"चल!"

चालला बिचारा. चालावंच लागलं. समोर पागेचं दार. आत काळोख. आतून सुस्कारे येत होते, दावणीला कुणीतरी बांधल्यासारखे. हात उंबऱ्याला लागले. एक पाऊल राहिलं, एकच.

आणि केरबा अडला.

ऐका, घोडं लंगडलं तर तेल आहे, शेक आहे. घोडं अडलं की त्याला जगात औषध नाही! जन्मभर घोड्यांत काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागतं? त्यानं ढोपरं रोवली आणि पोट जमिनीला टेकवलं.

"शाब्बास राजा, चल," वरून आवाज आला. नाही. चाबूक बसला. नाही. मग पाठीला कोमट तेल लागलं, मऊ बोटं फिरली. "कुठं दुखतंय राजा?" त्या बोटांखाली झोप यायला लागली हो! पण नाही म्हणजे नाही. तोवर पाखरी आली आणि त्याच्या अंगाला अंग लावून, पाय रोवून उभी राहिली. दोघंही अडले. पहाटे डेअरीची गाडी वाजली तेव्हा कुठं पाठीवरचं वजन उतरलं आणि तोंडातलं लोखंड सुटलं.

उजाडता उजाडता केरबा कासमचाचांच्या दारात पोचला. त्याचा पाय मोकळा झाला होता, पण पाखरी परत लंगडत होती. चाचांनी त्याच्या ओठांची फाटलेली कड पाहिली. "ही तर लगामाची खूण," म्हणाले, आणि मिठाची पुरचुंडी तव्यावर टाकली. पाखरी वरातीला गेली नाही. हिंदुराव बोंबलला, बोंबलू दे! होळीपर्यंत ती सरळ चालू लागली, आणि डाग काही लागला नाही.

त्या वाटेनं जाऊ नका पोरांनो. कधी म्हणजे कधी जाऊ नका. पण नुसतं भूत भूत म्हणून गप्प बसू नका.

मागं रस्ता रुंद करताना पागेचा उंबरा उखडला. खाली हाडं निघाली. साहेब लोक म्हणाले, जनावराची आहेत, बुजवा. सगळं गाव कडेला उभं होतं, सगळ्यांनी पाहिलं. कवटी माणसाची होती. दातांत लोखंडी लगाम होता. इनामदारांचे वारस तालुक्यालाच राहतात. तो लगाम त्या तोंडात कुणी घातला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.