रिकाम्या क्वार्टरात लावलेला नंबर प्लेटचा बल्ब

माझे नाव रेणू धनंजय लांजेवार, माहेरचे आडनाव कापगते. वय ४५ वर्षे, व्यवसाय घरी गणिताची शिकवणी, राहणार पद्मनाभपुर, दुर्ग. माझी मातृभाषा मराठी आहे. जबाब लिहून घेणाऱ्या प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, नीतू देवांगन यांचे आजोळ गोंदियाचे असून त्यांना मराठी चांगली येते, म्हणून माझ्या आणि माझ्या वडिलांच्या इच्छेवरून हा जबाब मराठीत घेतला आहे. त्याची हिंदी प्रत वेगळी तयार होणार आहे. मी आज रविवारी रात्री ठाण्यात समोर बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने सांगते की,

माझे वडील सुखराम कापगते, वय ७२, हे इथल्या पोलादाच्या प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झालेले आहेत. माझी आई सिंधुताई, वय ६६, घरकाम करते. दोघेही सध्या माझ्याकडे राहतात. मूळ गाव भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे. वडिलांना नोकरीत असताना मरोद्याला प्लांटच्या वसाहतीत क्वार्टर मिळाले होते. माझा आणि माझ्या भावाचा जन्म त्या क्वार्टरात असतानाचा. निवृत्तीनंतर वडिलांनी ते नियमाप्रमाणे रिकामे करून दिले. आज आम्हाला जिथे पकडले ते हेच क्वार्टर.

आमच्याकडे एक जुनी घेतलेली विदेशी बनावटीची कार आहे. ती माझ्या नावावर आहे. कागदपत्रे दाखवली आहेत. मागच्या महिन्यात नंबर प्लेटवरच्या दोन बल्बांपैकी एक उडाला. चौकात ट्रॅफिकच्या शिपायाने थांबवून नंबर नीट दिसत नाही, बल्ब बदला, असे सांगितले. मी बाजारातून दोन एलईडी आणून स्वतः लावले. उजेड चांगला पांढरा पडला, पण गाडी सुरू केली की समोर काट्यांच्या पट्टीवर पिवळी खूण यायची, बल्ब गेला म्हणून, आणि टिंग असा आवाज व्हायचा. मी ते काढून जुना चालू असलेला बल्ब परत बसवला.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते प्रथम म्हणाले, "कावून ओरडून राहिली हे गाडी? बल्ब तं जळून राहिला ना." मग दोन दिवस त्यांनी त्यावर विचार केला. जेवतानाही तेच बोलत होते. त्यांनी मला जे समजावले ते असे की, एलईडी फारच कमी करंट घेते. गाडीतला कॉम्प्युटर किती करंट जातो तेवढेच पाहतो, बल्ब दिसत नाही त्याला. कमी गेला की तो समजतो बल्ब उडाला. वडील म्हणाले, "म्हाताऱ्या माणसासारखं आहे हे. कमी खाल्लं का लोकं समजते, आता याचं काही खरं नाही." यावर आई त्यांना रागावली. उपाय म्हणून प्रत्येक एलईडीच्या बाजूला एक रेझिस्टर जोडायचा, म्हणजे जुन्या बल्बाइतका करंट जात राहतो आणि खूण येत नाही. रेझिस्टर तापतो, म्हणून तो प्लास्टिकजवळ ठेवायचा नाही, पत्र्यावर कसायचा.

हे काम आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये करता आले असते. तिथे का केले नाही, असे मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर असे की, वडिलांनी मरोद्याला जाऊ म्हटले. त्या ओळीतली क्वार्टरे पाडणार आहेत, असे त्यांना एका जुन्या सोबत्याने फोनवर सांगितले होते. क्वार्टरासमोर सिमेंटचा एक ओटा आहे. सुट्टीच्या दिवशी वडील त्याच्यावर बसून लोकांच्या वस्तू दुरुस्त करायचे. आमच्या डाव्या बाजूला तेलुगू कुटुंब होते, उजव्या बाजूला केरळचे, मागे पंजाबी आणि ओडिया. सगळ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, टेबलफॅन आमच्या ओट्यावर यायचे आणि संध्याकाळी आमच्या ताटात इडली, माशाचे कालवण, मक्याची भाकर असे काहीतरी यायचे. मी हे सांगत असताना, याचा प्रकरणाशी संबंध नसेल तर लिहू नका, असे म्हटले. नीतू मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

आम्ही तिघे दुपारचे जेवण करून निघालो. डिकीत वडिलांची हत्यारांची पिशवी, दोन एलईडी, दोन रेझिस्टर, टेप आणि दोन तारांच्या वायरचे एक भेंडोळे होते. हे भेंडोळे आमच्या घरचे आहे. दिवाळीत गॅलरीत माळ लावतो, तेव्हा तेच वापरतो. जप्त केलेली वायर हीच आहे.

क्वार्टरावर पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. दाराची चौकट होती, दार नव्हते. खिडक्यांच्या झडपा कोणी नेलेल्या होत्या. अंगणात गवत कमरेएवढे होते. आईने लावलेला कढीपत्ता मात्र वाढून छपराच्या वर गेला होता. आई आत गेली नाही. ती त्या झाडाजवळ उभी राहिली आणि पाने तोडून पदरात घेत होती. वडील ओट्यावर बसले. मी गाडी मागे घेऊन डिकी त्यांच्यासमोर आणली.

काम आम्ही दोघांनी मिळून केले. वडिलांचे हात आता थरथरतात, म्हणून तारा सोलणे आणि पिळणे मी केले. कुठली तार कुठे जाणार ते त्यांनी सांगितले. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून स्क्रू पकडायचे, तेव्हा ते जसे बोलायचे तसेच बोलत होते, म्हणजे माझ्याशी कमी आणि तारेशी जास्त. सगळे बसवून मी गाडी सुरू केली, दिवे लावले. खूण आली नाही. मी वस्तीला एक चक्कर मारून आले, तरी आली नाही. वडिलांनी रेझिस्टरला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "तापला. म्हणजे खाऊन राहिला बरोबर." ते बरेच खूश होते. मागच्या हिवाळ्यात त्यांना पडून लागले, तेव्हापासून मी त्यांना एवढे खूश पाहिले नव्हते.

एवढ्यात दिवस मावळत आला होता. आई आत गेलेली होती. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि आत अंधार होता. तिने वडिलांना आवाज दिला की इथे काही दिसत नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण पुढचे त्याशिवाय समजणार नाही. आई लग्न करून या क्वार्टरात आली तेव्हा तिने घरात विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला. तिच्या माहेरी कंदील आणि चिमणी होती. इथल्या स्वयंपाकघरातला बल्ब वडिलांनी तिच्या येण्याआधी स्वतः लावून ठेवला होता. वडील सांगतात की पहिले काही दिवस ती काडीपेटी हातात घेऊनच बटनाजवळ जायची. आम्ही भावंडे यावर हसायचो आणि तीही हसायची. पुढे प्लांटमध्ये रात्री स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतला की आभाळ तांबडे व्हायचे आणि आई तेवढ्या उजेडात वाळत घातलेले कपडे काढायची, त्यांच्यावरची लाल धूळ झटकायची. तेव्हा तिला उजेडाचे काही वाटेनासे झाले होते.

वडिलांनी मला विचारले की काढलेला जुना बल्ब कुठे आहे. जो चालू होता तो माझ्या ओढणीच्या टोकात बांधलेला होता. हा बल्ब बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला असतो. वडिलांच्या सांगण्यावरून मी त्या टोप्यांना वायरची दोन टोके टेपने बांधली. दुसरी टोके मी गाडीच्या बॅटरीला लावली. वायर खिडकीतून आत नेली. हे सगळे मी केले, वडिलांनी फक्त बल्ब हातात धरला होता. क्वार्टरच्या भिंतीतल्या कुठल्याही तारेला आम्ही हात लावलेला नाही. भिंतीत तार राहिलेलीच नव्हती, नळ्या रिकाम्या होत्या.

बल्ब लागला. उजेड पिवळा आणि थोडा होता, पण खोली दिसली. आईने स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवला. तिथे आमची शेगडी असायची. ती म्हणाली, "एवढंसंच होतं का हो हे?"

वडील म्हणाले, "चार जन जेवत होतो इथं."

आई म्हणाली, "मी तं मनात मोठं धरून होती."

वडिलांचा बल्ब धरलेला हात वर होता. मी त्यांना म्हटले, बाबा, हात दुखेल, मी धरते. त्यांनी दिला नाही.

त्याच वेळी दोन सुरक्षा रक्षक टॉर्च घेऊन आले. त्यातल्या एकाचे नाव खिलावन साहू असल्याचे मला नंतर कळले. रिकाम्या क्वार्टरात उजेड आणि गाडीपासून आत गेलेली वायर पाहून त्यांना आम्ही केबलचोर वाटलो. या भागातून वायरी चोरीला जात आहेत, असे त्यांनी सांगितले. खिलावन यांनी वडिलांची कॉलर धरली आणि केबल कुठे ठेवली, असे हिंदीत विचारले. धक्क्यात वडिलांचा चष्मा आणि बल्ब दोन्ही खाली पडले. वडील त्यांना हिंदीत म्हणाले, "ये क्वार्टर मेरा है." खिलावन यांनी कागद मागितला. वडिलांकडे कागद असण्याचे कारण नव्हते. त्यांनी तेच वाक्य आणखी एकदा म्हटले. मी मधे पडून सांगत होते, पण मी काय सांगितले ते मला आता आठवत नाही. मी रडत असल्यामुळे ते त्यांना कळले नसावे. आईने अंधारात चाचपून चष्मा शोधला, पदराने पुसला आणि वडिलांच्या डोळ्यांवर लावला.

दुसऱ्या रक्षकाने ठाण्यात फोन केला. गाडी आली आणि आम्हाला इथे आणले. आमची कार एका शिपायाने चालवत आणली. ठाण्यात वडिलांना बाकावर बसवले, पाणी दिले. त्यांच्याशी इथे कोणीही वाईट वागले नाही. ते फक्त शिपायाला पुन्हा पुन्हा विचारत होते की गाडी चालवताना समोर पिवळी खूण आली होती का. शिपायाने नाही म्हटल्यावर ते बाकाला टेकून बसले.

त्यानंतर नीतू मॅडम, खिलावन साहू आणि मी असे पुन्हा क्वार्टरावर गेलो. मॅडमनी टॉर्च लावून सर्व खोल्या पाहिल्या. भिंतीतल्या नळ्यांची तोंडे कापलेली होती, त्यांवर कोळ्यांची जाळी आणि धूळ होती. खिलावन यांनीच ती जाळी मॅडमना दाखवली आणि हे आजचे काम नाही, असे सांगितले. आमच्या वायरीचे दुसरे टोक खिडकीत तसेच लटकत होते. बल्ब फरशीवर फुटलेला सापडला.

परत आल्यावर मॅडमनी मला विचारले की रक्षकाने केलेल्या झटापटीबद्दल आमची काही तक्रार आहे का. माझी होती. बहात्तर वर्षांच्या माणसाची कॉलर धरण्याचे कारण नव्हते, असे मी म्हटले आणि ते लिहून घ्या असेही म्हटले. खिलावन साहू तेव्हा दाराशी उभे होते.

तेव्हा वडील बाकावरून उठून टेबलाजवळ आले. ते मला म्हणाले, "बाई, त्याच्यावर काही लिहायले लावू नोको. मी समजत होतो, आता तिकडं कोणी पाह्यतच नसन. रिकाम्या घराले राखण आहे, हे मले आज समजलं."

मी म्हटले, तुम्हाला लागले असते तर?

ते म्हणाले, "लागलं नाही ना. मी त्याच्या जागेवर असतो तं मीही धरलं असतं."

म्हणून आमची तक्रार नाही, असे मी सांगते. हे मी वडिलांच्या शब्दाखातर सांगत आहे. माझे मन अजून तयार नाही, पण तक्रार नाही.

आम्ही क्वार्टरातून काहीही नेलेले नाही. आईच्या पदरात कढीपत्त्याची पाने होती, ती मॅडमना दाखवली. ती आमचीच समजावीत, असे मॅडम म्हणाल्या. विनापरवानगी आत गेलो ही आमची चूक झाली, ती मला मान्य आहे. पुन्हा तिथे जाणार नाही, असे मी लिहून देत आहे. वडिलांनीही मान हलवली आहे.

निघण्याआधी आईने खिलावन साहू यांना जवळ बोलावले. ते भीतच आले. आई त्यांच्याशी तिच्या मोडक्या छत्तीसगढीत बोलली. पाडायला मशीन कोणत्या दिवशी येईल ते आधी कळवशील का, असे तिने विचारले. वडील मधेच म्हणाले की कशाला पाहिजे ते आता. आईने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. खिलावन यांनी आपल्या मोबाइलमध्ये माझा नंबर टाकून घेतला आणि म्हणाले, "मैं फोन करहूं, दाई." दाई म्हणजे त्यांच्या भाषेत आई.

मला एवढेच सांगायचे होते. हा जबाब नीतू देवांगन यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. आईवडील शेजारी बसून ऐकत होते. वाचन चालू असताना आईने दोनदा हात करून त्यांना थांबवले, पण काही बदल सांगितला नाही. तो मी सांगितल्याप्रमाणेच उतरला आहे, त्यात कमीजास्त नाही, म्हणून खाली सही करते.

सही
रेणू धनंजय लांजेवार

माझ्यासमोर
नीतू देवांगन, प्रधान आरक्षक