वाकड्या चोचीची नवरी

दातांच्या दवाखान्यात शिंपी सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणींचं हसू आवरत नव्हतं.

"आला गं बगळा! तलावातला गाळ काढला, बेटावर झुडपं लावली, खरे यावेत म्हणून प्लास्टरचे बगळे मांडले, तेव्हा कुठे एक खरा उतरला."

"तू केलेल्या बगळ्यांजवळ, ताई?"

"कुठलं काय! तुझ्या भावजींनी केलेला तो वाकड्या चोचीचा आहे ना, त्यालाच नवरी समजून पुढे नाचतोय!"

"भावजींना आभाळ ठेंगणं झालं असेल!"

"चोच मुद्दामच वाकडी केली होती म्हणे!"

"पण प्लास्टरची नवरी अंडी कशी घालणार?"

"अगं, काल खरी मादी आली. नवरीला नीट निरखलं आणि दिली पाण्यात ढकलून!"

"अगं बाई! आणि भावजी?"

"निघाले पाण्यात उडी मारायला! मी शर्ट धरून ओढलं. म्हटलं, खबरदार, जोडी उडून जाईल!"

"मग? घरटं बांधलं का त्यांनी?"

"तेच तर सांगतेय. आज सकाळी दुर्बीण लावली, तर..."

"पुढचा नंबर कोणाचा?" दारातून हाक आली.

नंबर शिंप्याचा होता. तो पलीकडच्या आजोबांना म्हणाला, "तुम्ही जा, काका. माझा दात थांबेल."

मग ताईंकडे वळून म्हणाला, "हं, दुर्बीण लावली, आणि?"