काळजीवाहू सेक्रेटरी

दिल्लीतलं सरकार एका मतानं पडलं, ते नव्व्याण्णव साल आठवतंय ना? अरे, त्याच आठवड्यात आमच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या सोसायटीतही सरकार पडलं. ऐन उन्हाळा, नळाला थेंब नाही, आणि आमचे सेक्रेटरी दळवीकाका टीव्हीसमोरून हलायला तयार नाहीत. शेवटी रविवारी मीटिंग घेतली, हात वर करून मतं मोजली आणि काका पडले. तेही एकाच मतानं!

मग नवा सेक्रेटरी कोण? सगळे हात खाली. "तोपर्यंत काकाच बघतील," म्हणत लोक आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात. "काका, टँकर सांगा की."

"मला अधिकार नाही. मी आता काळजीवाहू."

"म्हणजे?"

"दिल्लीसारखंच. धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत."

"अहो, टँकर मागवण्यात कसलं डोंबलाचं धोरण?"

"आज टँकर मागाल, उद्या गच्चीला रंग मागाल."

मंत्रालयात उभी हयात काढलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालणार? मी कपाळाला हात लावून जिन्यातच बसलो. तेवढ्यात शेजारच्या गावातल्या विहिरीवरून पाणी घेऊन आमची ही वर आली. मजले चढता चढता तिनं सगळं ऐकलं होतं. कमरेवरचा हंडा तिनं काकांच्या उंबऱ्यावर दाणकन ठेवला.

"ठीक आहे, दळवीकाका. आजपासून काळजी आम्ही करतो. तुम्ही पाणी वाहा!"