तार कापायची आहे

गेलेल्या बायकोची रॅकेट विकायला तो दुकानात आला, तेव्हा पुढे टेनिस खेळणारी एक बाई उभी होती. चाळिशीची असेल. रॅकेटला तार घालणारा म्हातारा तिच्यावर भलताच खूश होता.

"या वयात सेमीफायनल! पोरीसोरींना घाम फोडलास."

"चार सामने जिंकले, मामा. गुडघा बांधून."

"पेपरात फोटो बघितला मी."

"त्यात माझी पाठ आहे. तोंड दिसतंय ते मला हरवणारीचं."

"पाठ तर पाठ! आण इकडे, नवी तार घालतो. नेहमीसारखी घट्ट?"

"घालू नका. आहे ती कापा."

"काय? एवढं खेळून आता सोडतेस?"

"सामना जिंकला की मी आईला फोन करायचे. ती स्कोअर कधी विचारायची नाही. गुडघा कसा आहे, एवढंच. या वेळी चारही वेळा फोन हातात घेतला आणि तसाच पिशवीत टाकला."

"अगं, तिला जाऊन वर्ष तरी होऊ दे."

"वर्ष झालं, मामा."

म्हाताऱ्याने तिच्या हातातली रॅकेट घेतली.

"नुसती ठेवायची तर कापलेलीच बरी. तार ताणलेली राहिली की चौकट वाकते."

त्याने कात्री चालवली. मधली जाळी सैल पडली. बाई रिकामी रॅकेट घेऊन निघून गेली.

"साहेब, तुम्हीच ना फोन केलेला? विकायची म्हणालात ती हीच?"

"हीच. पण विकायची नाही. तार कापून द्या, घरीच ठेवतो."