मुकादमबाईंचा झाडू

टोकन बावीस. उजव्या खांद्याचा एक्स-रे. घडी घातलेला अर्ज. घाटकोपरच्या दवाखान्यात पेट्रिशियाच्या शेजारी दोघी सफाई कामगार बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर हे सगळं; आणि कानाला काही झाकण नसतं.

“अर्ज दिलास का गं, गौतमी?”

“मुकादमी नको, पुन्हा झाडूच द्या, असा लिहिलेला. पण ती नव्या मुकादमांना शिकवणारी बाई आली ना.”

“छाती पुढे, आवाज मोठा?”

“ते हॉलमधलं, सगळ्यांना एकच. ही दोन दिवस माझ्यामागे फिरली. म्हणाली, प्रितम उशिरा आला की त्याची गल्ली तुम्हीच झाडता. मग तो वेळेवर का येईल?”

“मुकादम होऊन झाडायचीस?”

“कचरा बघवत नाही, यार. तिने माझा झाडू आपल्या चौकीत ठेवला आणि हजेरीवही दिली. म्हणाली, दोन्ही हातांनी धरा.”

“मग?”

“आज वीस मिनिटं त्या गल्लीच्या तोंडाशी नुसती उभी राहिले. प्रितम आला, कचरा बघितला, माझ्याकडे बघितलं. मुकाट झाडायला लागला.”

“सुटलीस बाई. आणि अर्ज?”

“हा काय. मागच्या कोऱ्या बाजूला उद्याच्या गल्ल्या वाटल्यात. तुला नाल्याजवळची.”

“म्हणजे माझी वाट लागली.”

मुकादम होण्याआधी बारा वर्षं प्रितमची गल्ली गौतमीकडे होती.