बुधीबाईची सोळा किलो मोहफुलं

— कारण विचारताय ना तुम्ही? कायद्याला कारण असतं मॅडम, मी कुठं नाही म्हणतो? पण ते कारण कुणाचं, कुठल्या साली होतं, आणि भोगतं कोण, तेही लिहा म्हणतो मी. बसा, नीट बसा. नंदुरबारहून एवढ्या लांब जुने कायदे गोळा करायला आलात, तर पहिला हा घ्या. समोर प्रेमचंदशेठचं कापडाचं दुकान दिसतं? त्याच्या पाकिटात सरकारी कार्ड आहे, दारू प्यायचा परवाना. आणि परवाना कशासाठी, तर प्रकृती टिकवण्यासाठी. माणूस ठणठणीत आहे, रोज सकाळी धावतो — पण कागदावर तो प्रकृतीसाठी पितो. आता तेच कार्ड घेऊन तो चार किलोमीटर पलीकडे गुजरातेत गेला तर कार्डाला किंमत शून्य. गंमत अशी की दोन्हीकडे पुस्तक एकच. जुन्या मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा. राज्य तुटलं, पुस्तक दोघांनी वाटून घेतलं — एकानं परवाना काढला, दुसऱ्यानं कुलूप लावलं. आणि आमचं नवापूर बरोबर मधल्या रेघेवर.

नाही, माहीत आहे मला, तुम्ही प्रेमचंदशेठसाठी नाही आलात. मोहफुलांसाठी आलात. तुमच्या हातातल्या पंचनाम्यावर माझं नाव आहे — पंच नंबर दोन, वहाब, धंदा भुसार माल. येतो ना मी त्याच्यावर, येतो.

मोहाची फुलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. झाडाखाली पडतात, बाया पहाटेपासून वेचतात, वाळवतात, वर्षभर खातात. भाजून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, बाळंतिणीला तर द्यायचेच. दारूही होते, होत नाही असं नाही. पण हेच फूल घरात ठेवायला, इकडून तिकडे न्यायला परवाना लागायचा. का? बुधीबाईचे वकील होते ना, नवनीत वकील, त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात मला समजावलं होतं. म्हणाले, इंग्रजाला स्वतःच्या भट्टीची दारू विकायची होती, त्यावर कर घ्यायचा होता. लोकांनी घरी काढली तर त्याची कोण घेईल? म्हणून त्यानं फुलं धरली. मग आपलं राज्य आलं, आपल्याला दारू बंद करायची होती, म्हणून आपणही फुलंच धरली. म्हणजे बघा — विकायची होती तरी गुन्हेगार बुधीबाई, बंद करायची होती तरी गुन्हेगार बुधीबाई. हे लिहा. हे ठळक लिहा.

ही बुधीबाई इथून वर डोंगरातल्या पाड्यावरची. नवरा केव्हाच गेलेला, एकच मुलगी, प्रिस्किला, ती दिलेली हद्दीपलीकडे, उच्छलच्या अलीकडच्या गावात. चौदा साल, लोकसभेची निवडणूक. प्रिस्किलाचं पहिलं बाळंतपण झालं होतं आणि ही आई गाठोडं घेऊन जीपमध्ये बसून निघाली. गाठोड्यात नागली, तुरीची डाळ, गोधडीसाठी दोन जुनी लुगडी आणि लाडवांसाठी मोहफुलं. निवडणुकीमुळे रस्त्यावर तपासणी पथक बसलेलं. रोज काहीतरी पकडून दाखवायचं होतं त्यांना, वरून फोन येत होते. जीपमधल्या बाकीच्यांकडे काही सापडलं नाही. हिचं गाठोडं उघडलं तर वरच फुलं. लपवायची असतात हेच तिला माहीत नव्हतं.

मग वजन करायला माझ्याकडे आणलं. का माझ्याकडे? नाक्याच्या रस्त्यावर तेव्हा पहिलं दुकान माझं, म्हणून. दुसरं काही कारण नाही. पथकाच्या साहेबांनी गाठोडं काट्यावर ठेवलं, मी वजनं टाकली, सोळा किलो भरलं, त्यांच्या माणसानं लिहिलं, मी सही केली. पंच म्हणजे काय मॅडम, समोर उभा असलेला माणूस. मी समोर उभा होतो. एवढाच माझा संबंध.

हो, गाठोडं. आख्खं गाठोडं. डाळ, नागली, लुगडी सगळं धरून. आता तुम्ही कागदावर बोट ठेवलंच आहे तर सांगतो — फुलं सव्वाचार किलोच्या वर नव्हती. तीस वर्षं मी हातानं माल उचलतोय, मला काटा लागत नाही. आणि साहेब स्वतः रस्त्यावर तिला म्हणाले होते, थोडी असतील घरच्यापुरती तर समज देऊन सोडतो. हे मला जीपवाल्यानं नंतर सांगितलं. नंतर म्हणजे — नाही, तेव्हाच सांगितलं. दुकानातच सांगितलं. ती उभी होती, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. मी म्हणालो, साहेब, फुलं वेगळी काढून तोलू का? म्हणालो मी, खरंच म्हणालो. त्यांनी पाच किलोचं वजन उचललं आणि उलटं केलं. वजनाच्या पोटात शिसं असतं, त्याच्यावर वजनमापवाले तपासून पासिंगचा शिक्का मारतात, साल असतं त्यात. माझं पासिंग दोन वर्षं करायचं राहिलं होतं. साहेबांनी त्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बस. मी पेन घेतलं.

दोन दिवसांनी तिला जामीन मिळाला आणि जामिनात अट — कोर्टाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. आता हेच बघा ना. मुंबईच्या माणसाला ही अट म्हणजे काही नाही, राज्य केवढं मोठं. हिला राज्याबाहेर म्हणजे लेकीचं घर. पाड्याच्या टेकडीवरून त्या गावचं चर्च दिसतं मॅडम, पांढरं. लोकांनी किती सांगितलं, जा गं, कोण बघतंय, दिवसाला शंभर माणसं इकडून तिकडे जातात. ती म्हणायची, मी अंगठा दिला आहे. अंगठा दिला म्हणजे शब्द दिला, असं तिच्या डोक्यात. नातवाच्या बाप्तिस्म्याला वकिलानं अर्ज करून दोन दिवसांची परवानगी काढून दिली, तर ही दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत. बाकी आठ वर्षं टेकडीवरून चर्च बघितलं तिनं. मुलगी यायची अधूनमधून, पण सासरचं शेत, गुरं, लहान पोर — किती येणार?

आणि केस काही हलेना. पंचाची साक्ष झाली की पुढे सरकणार होती. नवनीत वकील तिला सांगायचे, बाई, थांब, तो वजनाचं खरं बोलला तर पंचनामाच खोटा ठरतो, सुटतेस तू. पण कोर्टाचं काम तुम्हाला माहीतच आहे. कधी जज नाहीत, कधी संप, कधी समन्सच पोचत नाही...

काय? कुठला कागद? — बघू. — हं. माझंच नाव. तीन वेळा. "मिळून आला नाही." सतरा, अठरा, एकोणीस.

बाहेरगावी असेन. माल आणायला जावं लागतं. सुरतला माझी बहीण आहे. — नाही, तसं नाही मॅडम. पहिल्यांदा खरंच सुरतला होतो. दुसऱ्यांदा इथंच, ह्याच गल्ल्यावर. शिपाई ओळखीचा, तो समन्स घेऊन आला आणि माझं तोंड बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहाबभाई, घर सापडना नही आसं लिखी देस मी." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मी त्याला चहा पाजला. तिसऱ्यांदा तो दुकानात आलाच नाही, बाहेरूनच हात करून गेला. मी काय करणार होतो? कोर्टात उभा राहून सांगायचं की सही खोटी केली? का केली, तर माझा काटाच बेकायदेशीर होता? त्या काट्यानं मी तीस वर्षं गावाला माल दिला. उद्या माझ्या दुकानात कोण येईल?

मग कोरोना आला, दोन वर्षं सगळंच बंद. एकवीस साली सरकारनं मोहफुलांवरचं बंधन काढलं. मी नवनीत वकिलांकडे धावत गेलो, म्हटलं आता सुटली ना ती? ते म्हणाले, नवीन फुलं सुटली वहाबभाई, जुनी अडकलेलीच आहेत. गुन्हा ज्या दिवशीचा, कायदा त्या दिवशीचा. म्हणजे बाजारात उघड्यावर ढीग लागलेत मोहफुलांचे, आणि ही त्याच ढिगावरून चालत तारखेला जाते. ह्याचं कारण सांगा मला. तुमच्या पुस्तकात असेल तर दाखवा.

बावीस साली पावसाळ्यानंतर ती माझ्या घरी आली. दुकानात नाही, मागे घरात, माझ्या बायकोकडे, शमाकडे. प्रिस्किलाला मणक्याचा टीबी झाला होता, चार महिने अंथरुणात, उठवायला बसवायला कुणी बाईमाणूस नाही. बुधीबाईला माझ्याकडून काय हवं होतं? एक गाठोडं जीपमध्ये घालून पलीकडे पोचवायचं होतं. बस. साक्षीचं एका शब्दानं बोलली नाही. ती गेल्यावर शमानं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी आतून सगळं बघितलंय. या तारखेला तुम्ही जा, नाहीतर मी जाऊन सांगते."

गेलो. पांढरा कुडता घालून गेलो. व्हरांड्यात नवनीत वकील भेटले. माझ्याकडे बघून हसले पण नाहीत. म्हणाले, उशीर झाला, बाईनं गुन्हा कबूल केला. पहिलाच पुकारा तिचा होता. आदल्या दिवशी तिनं त्यांना विचारलं होतं, कबूल केलं तर लेकीकडे जाता येईल का? त्यांनी खूप समजावलं, ती ऐकेना. आणि शिक्षा काय, तर थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. अशीही शिक्षा आहे आपल्याकडे, तेही लिहून घ्या.

उशीर किती? — अर्धा तास. कोर्ट अकराला बसतं. नाही, घरून वेळेवर निघालो होतो. मी साडेदहालाच पोचलो होतो मॅडम. समोर चहाच्या टपरीवर उभा होतो. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. तिचं नाव पुकारलेलं मला टपरीवर ऐकू आलं. म्हटलं, हा कप संपवतो आणि जातो.

मग बसलो मी पण. ती आत कोपऱ्यात बाकावर, मी बाहेर, दाराशी. साडेपाचपर्यंत. जज उठले, शिपायानं तिला सांगितलं, जा आता. ती बाहेर आली, मला बघितलं. ती सगळ्यांना तूच म्हणते, जजलाही तू म्हणायची. मला म्हणाली, "भाऊ, तू माझ्यासाठी खरं बोलायला आला होता. वकिलानं सांगितलं मला. दुकान बंद ठेवून आला." आणि मग विचारलं, "आता पलीकडं गेली तर चालंल ना?" मी म्हटलं, चालेल. घरी पण गेली नाही ती, अंगावरच्या लुगड्यानिशी जीपमध्ये बसली. मी तिला खिडकीकडची जागा करून दिली. दुसरं काही सुचलं नाही.

तिकडेच राहते आता. तिनं लेकीला उभं केलं, दीड वर्ष लागलं. बाजाराच्या दिवशी दोघी येतात, प्रिस्किला काठी टेकत, हळूहळू. नाक्यापासून इथपर्यंत आता सात नवी दुकानं झालीत मॅडम, सगळी माझ्यापेक्षा मोठी. ती सगळी ओलांडून माझ्याकडेच येतात. डाळ माझ्याकडची, गूळ माझ्याकडचा. काट्याकडे बघतसुद्धा नाही ती. लेकीला सांगते, हा तो भाऊ, माझ्यासाठी आला होता तो.

काय विचारलंत?

नाही.

टपरीचं तिला नाही सांगितलं. — झालं ना तुमचं? मग निघा आता. दुकान चालू आहे माझं.