मशीनला विचारून पोरीला चोर म्हणलो

चूक माझी हाय, हे आधीच सांगून टाकतो, न्हाईतर बोलता बोलता मी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा होईन. सोनालीला मी भर वर्गात चोर म्हणलो, आणि त्या पोरीनं काहीच चोरलं नव्हतं.

मी मूळचा राणीसावरगावचा. घरी शेती, आईला अक्षरओळख न्हाई, पण मी वाचायला बसलो की ती कंदिलाची काच पुसून ठेवायची. तसा शिकलो, जिंतूरकडं एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. मागं विद्यापीठाचं सांगणं आलं, एआय जबाबदारीनं कसं वापरायचं ते पोरांना आणि स्टाफलाबी समजावून सांगा. प्राचार्य म्हणले, सर, तुमीच बघा, तुमाला टाइप करता येतंय. मग काय, मी हुशार झालो. पोरांना सांगायचो, त्याला विचारा, समजून घ्या, पण लिहा आपलं आपण, मदत घेतली तर तसं खाली लिहा, आणि ते सांगंल ते पडताळल्याबिगर मानू नका.

सोनाली मेंढपाळाची पोर. तिनं प्रकल्पात घरच्या कामावर लिहिलं, मेंढरं खतासाठी शेतकऱ्याच्या रानात कशी बसवतात त्यावर. त्यात एक वाक्य होतं, मेंढरं उठून गेल्यावर त्या जागी पाय ठेवला की जमीन कुणाच्या तरी अंगासारखी लागते. काय सांगू तुमाला, इतकं सुंदर वाक्य, आणि माझ्या मनात आलं काय, तर हे हिचं न्हाई. मी ते सगळं मोबाइलवर एआयला दिलं आणि विचारलं, हे तू लिहिलंस का? ते म्हणलं, होय, हे मीच लिहिलंय. झालं. वर्गात मोबाइल वर धरला, म्हणलो, बघा, चोरी सापडली. ती म्हणली, सर, न्हाई वो, माझं हाय ते. मी म्हणलो, मग हे मशीन खोटं बोलायलंय का? मागून एक जण म्हणला, आता मेंढरंबी एआयच राखायलंय वाटतं. सगळे हसले. मीबी हसलो, तेच लय टोचतंय.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच न्हाई. ग्रंथालयातल्या मॅडमला मी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं, तर त्या म्हणल्या, सर, तुमचा जुना लेख टाकून बघा की एकदा. कॉलेजच्या जुन्या अंकात मी आईवर लिहिलेलं होतं, ती गेली त्या वर्षी, तवा हे एआय कुणाला ठाऊकबी नव्हतं. टाकलं, विचारलं. ते म्हणलं, होय, हे मीच लिहिलंय. माझी आई, आणि ती त्यानं लिहिली म्हणे! त्याला ठाऊकच नसतंय हो, विचारलं की हो म्हणतंय. मॅडमनी पाण्याचा गिलास पुढं सरकवला.

येलदरीच्या अंगाला एका रानात त्यांची मेंढरं बसली होती, तिथं गेलो. बाप लगबगीनं उठला, घोंगडं अंथरलं, या गुरुजी, बसा. म्हणला, पोरगी आता शिकायचंच न्हाई म्हणायलीय, रविवारी पाहुणे बघायला येणार हायेत, तुमीच समजावा, आमाला तर काय झालं ते सांगंना. म्हणजे माझं नाव तिनं घरात काढलंच नव्हतं. मग मीच सगळं सांगितलं. बाप खाली बघून माती चिवडत राहिला. सोनाली कोकरू पोटाशी धरून उभी होती. मी म्हणलो, बाळा, चुकलो. तर ती हळूच म्हणली, सर, हितं मेंढरांपुढं कशाला म्हणताव? जिथं चोर म्हणलाव तिथं म्हणा, मग येते मी.

बापानं तिच्याकडं बघितलं, म्हणला, पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवतो.

सोमवारी ती आली, बाप दाराशी उभा राहिला. मी स्टाफलाबी वर्गात बोलावलं होतं. म्हणलो, पोरांनो, सोनालीनं चोरी केली नव्हती. पडताळून बघा म्हणून तुमाला शिकवणारा मी, मीच पडताळलं न्हाई. मशीनला विचारलं, तिला विचारलं न्हाई. सोनाली, ते वाक्य तुझंच हाय. मी सगळ्यांदेखत तुला खोटं पाडलं, सगळ्यांदेखतच म्हणतो, मला माफ कर, माय.